दोन बोटं जागा

पत्र पेटीत पडल्याचा बारीक आवाज आला, आणि प्रसेनजीतचा हात पेटीच्या तोंडातच राहिला. बोटं आत वळवून त्यानं चाचपून बघितलं. हाताला काही लागलं नाही.

टाकेपर्यंत सगळं ठीक होतं. टाकल्यावर मात्र त्याच्या मनात आलं, आपण पत्राच्या माथ्यावर 'जय भीम' तर लिहिलं नाही ना?

घरातलं कोणतंही पत्र त्याच दोन शब्दांनी सुरू व्हायचं. तिसरीत असल्यापासून तो आपल्या आईची, आक्काताईची, पत्रं लिहून देत होता. मलकापूरच्या मामाला, मिरजेच्या मावशीला, कुणालाही. बारसं असो नाहीतर म्हैस मेलेली असो, आधी वर मधोमध जय भीम, मग बाकीचं जग. नोकरीचे अर्ज त्यानं नेहमी टाइप करून घेतले होते. परक्या माणसाला हातानं लिहिलेलं हे त्याचं पहिलंच पत्र.

हातानं लिहायची टूम पुण्याच्या शिवानीची. ही त्याची मावसबहीण एका कॉम्प्युटर कंपनीत होती आणि असलं सगळं तिला कळायचं. काल मुलाखत झाल्यावर त्यानं एसटीडी बूथवरून तिला फोन केला, तर ती म्हणाली होती,

"उद्याच्या उद्या आभाराचं पत्र टाक. टाइप नको, हातानं लिही. वेळ दिलात म्हणून आभार, बोलण्यातली एखादी गोष्ट आठवून लिहायची, आणि नोकरी मनापासून हवीय एवढं सांगायचं. चार ओळी बास. असलं कुणी लिहीत नाही, म्हणून ध्यानात राहतं."

कोल्हापुरात आभार मानायचे म्हणजे 'बरं, येतो' म्हणून पायात चप्पल घालायची. तरी प्रसेनजीतनं सकाळभर बसून चार ओळी जमवल्या, अंतर्देशीय पत्रावर चांगल्या अक्षरात उतरवल्या, डिंक ओला करून चिकटवलं आणि कसबा बावड्याच्या चौकातल्या पेटीत टाकलं. आता त्याला त्या चारही ओळी तोंडपाठ म्हणता येत होत्या. त्यांच्या वर काय होतं, तेवढंच आठवत नव्हतं.

पंपांची ती कंपनी शिरोलीत होती. मुलाखत मालकांनी, हंबीररावांनी, स्वतः घेतली. डिप्लोमाचे मार्क बघून ते खूश झाले होते. ड्रॉइंगमधली एक चूक प्रसेनजीतनं दाखवल्यावर तर त्यांनी मान हलवून चहा मागवला. मग चहाबरोबर तो प्रश्नही आला.

"कोडोलीकर म्हणजे आमच्या पावण्यांच्या गावचं की तुम्ही. कुणाच्यातलं?"

"वडील लहानपणीच बावड्याला आले," प्रसेनजीत म्हणाला. हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"आन् प्रसेनजीत? बंगाली वाटतंय नाव."

नाव बुद्धाला मानणाऱ्या कोसलच्या राजाचं होतं, पण त्यावर तो नुसता हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. हंबीररावांचं समाधान झालं आणि बोलणं पगारावर गेलं.

गेल्या वर्षी इचलकरंजीला याच प्रश्नाचं त्यानं सरळ उत्तर दिलं होतं. तिथली माणसं फार चांगली वागली. त्याला गेटपर्यंत सोडायला आली. मग पत्रच आलं नाही. कुणी काही बोललं नव्हतं, त्यामुळं कुणाला जाऊन काही विचारताही येईना.

आणि आता हसून दडवलेलं आपणच लिहून पाठवलं की काय? हंबीरराव पत्र उघडतील, पहिल्या ओळीवर थांबतील, मग कालचं ते हसणं त्यांना आठवेल. म्हणजे नोकरी तर गेलीच, वर लबाड ठरलो. पेटीवर साडेतीनची वेळ लिहिली होती. अजून अर्धा तास होता. एक बाई कार्ड टाकायला आली, तेव्हा तो चोरासारखा बाजूला झाला आणि ती गेल्यावर परत पेटीला खेटून उभा राहिला.

साडेतीनला पोस्टमन कृष्णात सायकलवरून आले. बावड्यातलं घर न् घर त्यांना ठाऊक होतं.

"अण्णासोंचा पोरगा न्हवं तू? उन्हात काय करतोईस?"

"मामा, मगाशी एक पत्र टाकलंय. जरा बघायचं हाय. पत्ता चुकलाय वाटतंय."

"पेटीत पडलं की सरकारचं झालं ते," म्हणत कृष्णातनी कुलूप काढलं. पोराच्या तोंडाकडं बघून मात्र ते थांबले. "मागं नाव घातलंईस का सोताचं?"

"व्हय."

"मग हुडीक. पर माझ्यासमोर बघ आन् माझ्याच हातात दे."

पत्र वरतीच होतं. डिंक पुरता वाळला नव्हता. त्यानं नख घालून कडा सोडवली, पाठ फिरवून उभा राहिला आणि घडी उघडली.

वर दोन बोटं जागा सोडलेली होती. कोरी. तिच्याखाली 'माननीय महोदय'.

सुटलो, असं त्याला वाटलं. मग त्यानं परत त्या जागेकडं बघितलं. जागा सवयीनं सोडली गेली होती, शब्द तेवढे हातानं गाळले होते. ते गाळायचं त्यानं काही ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर आठवलं असतं. तिसरीपासून लिहिलेले ते दोन शब्द, आणि कुणी नको म्हटलं नसताना, त्यालाही न विचारता ते राहून गेले होते. त्याला लाज वाटली. मगाशी भीती होती तेव्हा निदान काय करायचं ते कळत होतं.

शर्टाच्या खिशात पेन होतं. त्यानं ते काढलं, टोपण उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"चुकलाय काय रं पत्ता?" मागून कृष्णातनी विचारलं.

"न्हाय," टोपण लावत तो म्हणाला. "बरोबर हाय."

कडेला जीभ लावून त्यानं पत्र परत चिकटवलं, मांडीवर ठेवून तळव्यानं दाबलं आणि त्यांच्या हातात दिलं. कृष्णातनी ते पिशवीत टाकलं, पेटीचं कुलूप ओढून बघितलं आणि सायकलवर टांग टाकली. चौकापलीकडं ऐकू जाईल अशा आपल्या नेहमीच्या आवाजात ते म्हणाले,

"बरं, अण्णासोंना जय भीम सांग माझा."

समोर चहाच्या गाड्यावर तिघंचौघं बसले होते. सगळे लहानपणापासूनचे ओळखीचे. प्रसेनजीतनं आधी त्यांच्याकडं बघितलं. मग तो हळू आवाजात म्हणाला,

"सांगतो."