वरचा आड

बादलीतल्या पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि पाणीपुरवठ्याचे साहेब मला सांगत होते की ते आभाळाचं प्रतिबिंब आहे.

मी बादली उचलून पंपघरात आणून ठेवली. तवंग तसाच होता, निळा-जांभळा, आणि आता वर आभाळ नव्हतं, पत्रा होता. साहेबांनी तवंगाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. नऊच्या आत टाकी भरा, वस्तीला पाणी सोडायचंय, एवढंच म्हणाले. त्यांच्या हातात सीलबंद पाण्याची बाटली होती. ती त्यांनी पाठीमागे धरली असती तरी मला जरा बरं वाटलं असतं.

या विहिरीवर मी सव्वीस वर्षं पंप चालवतो. 'माझं पाणी' म्हणायची मला सवय आहे, त्यावरून घरात माझी चेष्टाही होते. चेष्टा करणारी बायको गेले पंधरा दिवस म्हणत होती की चहाला गॅरेजचा वास येतो. तुझ्या नाकात औषध घाल, असं मी तिला सुनेसमोर सुनावलं होतं. सुनेच्या कडेवर आठ महिन्यांची नात होती. तिला नुकतंच वाटीने पाणी पाजायला लागलो होतो.

वरच्या उतारावर पूर्वी गवत होतं. पाऊस पडला की तिथेच मुरायचा आणि सावकाश गाळून आमच्या विहिरीत यायचा. आता तिथे सहा इमारती आहेत आणि त्यांच्यापुढे चारशे गाड्या उभ्या राहतील एवढं काँक्रीट. पाऊस काँक्रीटवर पडतो, गाड्यांखालचं तेल आणि घाण धुऊन घेतो आणि उताराला लागतो. एवढं पाणी घालवायचं कुठे, हा बिल्डरपुढे प्रश्न होता. त्याचं उत्तर त्याला मी दिलं.

दोन वर्षांपूर्वी त्याचा इंजिनिअर इथे आला होता. तरणाताठा, गोडबोल्या. माझ्याच स्टुलावर बसला आणि म्हणाला, पाणी कुठे लवकर मुरतं हे तुमच्याइतकं कुणाला कळणार काका? तोवरच्या चोवीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. त्याला उतारावरचा जुना आड दाखवला, यात कितीही ओता, हा पचवतो म्हणालो. आणि फुशारकीने हेही सांगितलं, की इथे पंप चालू केला की तिथे आडातलं पाणी उतरतं, आतून दोन्ही एकच आहेत. त्याने वहीत दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. मी डोळ्यांनी पाहिलं. वापरली मात्र एकच.

आज सकाळी पाऊस पडत असतानाच मी वर जाऊन आलो. आडाच्या तोंडात मांडीएवढा जाड पाइप सोडलाय आणि काळं पाणी धो-धो आत पडतंय. मध्ये वाळू-खडीची गाळण हवी. ती नकाशात आहे, जागेवर नाही. नकाशावर साहेबांची सही आहे. आडाशेजारी संगमरवरी पाटी लावलीय, पावसाच्या प्रत्येक थेंबाची काळजी घेतल्याबद्दल स्वतःचंच अभिनंदन करणारी. ती वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पाण्याचा नमुना न्यायला माणूस येतो, पण नेहमी कोरड्या आठवड्यात. पावसात त्याला गाडी मिळत नाही. अहवाल उत्तम येतात.

"साहेब, नमुना आज घ्यायला लावा," मी म्हणालो. "आत्ता."

"काका, चार महिने राहिलेत तुमचे. कशाला डोक्याला ताप? टाकीत मिसळलं की कळणार पण नाही कुणाला."

"माझ्या बायकोला कळलंय."

साहेब हसले. मग हसू आवरून, अगदी शांतपणे म्हणाले, "आणि तो आड त्यांना कुणी दाखवला, ते मला बोलायला लावू नका."

म्हणजे हेही यांना ठाऊक होतं. ठेवणीतल्या कपड्यासारखं जपून ठेवलं होतं, आजच्यासाठी. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच होता.

"लिहा की," मी म्हणालो. "मीच दाखवला, असं लिहा. मी सही करतो. खाली तुमची पण करा."

मी स्टार्टरचं लाल बटण दाबलं, मेन स्विच पाडला आणि तिन्ही फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकले. मोटर गुरगुरत थांबली. दुसरा माणूस पाठवतो, फ्यूज कुठेही मिळतात, असं सांगून साहेब चिखलातून पँट वर धरत गाडीकडे गेले. दुसरा माणूस येणार हे मलाही माहीत होतं. दुपारपर्यंत तरी येणार नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

सव्वानऊला बायकोचा फोन आला. नळ नुसता फुसफुसतोय म्हणाली.

"मीच बंद केलंय. तुझं बरोबर होतं. वास होता."

ती चार शब्द बोलली असती तर मी ऐकून घेतले असते, बरं वाटलं असतं मला. नातीला सकाळी पाणी पाजलं का, हे मला विचारायचं होतं, पण तेवढं विचारलं नाही.

"मग घरात भरून ठेवलंय त्याचं काय करू?" तिने विचारलं.

"ओतून दे. पिंपातलंही सगळं."

पिंपाचं झाकण सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "कुठे ओतू?"

या भागातलं पाणी कुठून कुठे जातं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मी मनातल्या मनात ते पिंप अंगणात ओतून पाहिलं, मग मोरीत, मग रस्त्याकडेच्या गटारात. तिन्हीकडून पाणी फिरून विहिरीकडेच आलं.

"थांब जरा," मी म्हणालो.

ती फोन कानाला धरून थांबली.