टॅबवरचा हात

"एक महाभाग आहे," साहेब म्हणाले, "ज्याच्या डोक्यात काही केल्या प्रकाश पडत नाही."

शिंप्यांना मापं टिपून ठेवता यावीत असं एक ॲप होतं, आणि ते कसं वापरायचं हे सांगणारी मदतीची पानं ती लिहायची. मजकूर एकच, पण टॅबवर, फोनवर आणि कॉम्प्युटरवर तो वेगवेगळा बसवायचा. कुठलं पान किती वेळा उघडलं जातं, याचे आकडे साहेबांकडे यायचे. चित्र दोन बोटांनी मोठं कसं करायचं, हे पान एका टॅबवर रोज दुपारी उघडलं जात होतं. कित्येक महिने.

"दोन बोटं ताणायची, त्यात न समजण्यासारखं काय आहे? त्या पानावरच्या हाताच्या फोटोनेच घोळ होत असणार. हात काढा, बाण टाका. आजच्या आज."

"बरं," ती म्हणाली.

फोटोतला हात तिच्या नवऱ्याचा होता. कॅमेरा तिने धरलेला, म्हणून टॅबवर बोटं त्याने ठेवली होती, आणि "हाताला पावडर नको का लावायला?" असं विचारून तिला इतकं हसवलं होतं की पहिले सगळे फोटो हलले. अंगठ्याचं नख दारात चेंगरून वाकडं झालेलं. फोनवर जागा कमी म्हणून तो फोटो तिने गाळला होता, आणि कॉम्प्युटरवर बोटांचं काम नव्हतं. हात उरला होता तो टॅबवर.

नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. ती रडली नव्हती, सासूबाईही नाहीत. दोघी दगडाच्या आहेत, असं नातेवाईक पाठीमागे बोलत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोघी जेवत, झोपत, उठून कामाला लागत. त्याचा विषय घरात निघत नसे.

तिने हात काढून बाण टाकला. काही वाटतंय का, ते जरा थांबून पाहिलं. काही वाटलं नाही. मग तिने पानं पाठवून दिली. ती पोचली की प्रत्येक टॅबवरचं जुनं पान आपोआप जायचं.

घरी सासूबाई शिलाई मशीनपाशी होत्या. त्या घरबसल्या कपडे शिवायच्या, आणि सुनेचं काम म्हणून तेच ॲप त्यांनी कौतुकाने घेतलं होतं. आता मशीन थांबलेलं होतं आणि टॅब मांडीवर होता.

"हे काय केलंस गं?" त्या म्हणाल्या. "इथे बाण आलाय."

तिला समजायला वेळच लागला.

"आई, रोज दुपारी... तुम्ही?"

"जेवण झालं की. थोडा वेळ."

"भिंतीवर फोटो आहे की त्याचा."

"तो येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. हा माझ्या हाताखाली यायचा." त्यांनी बाणावर तळवा ठेवून दाखवला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभरात काही वाटलं असेल तर ते हे. कापडाच्या कातरणांत तशीच खाली बसून तिने लॅपटॉप उघडला. मोठ्या गिऱ्हाइकांना ती त्यांच्या नावाची वेगळी पानं करून द्यायची. तसं एक नवं गिऱ्हाईक तिने तयार केलं, एकाच टॅबचं. हे कोण, म्हणून उद्या साहेब भुवया उंचावतील. उंचावू देत.

हात परत आला.

"लहान दिसतो," सासूबाई म्हणाल्या. "त्याचे शर्ट मी शिवायची, मला माहीत आहे केवढा होता." माप घ्यायला गळ्यातली टेप त्यांनी काढलीसुद्धा नाही. दोन बोटं काचेवर ठेवून अलगद ताणली, आणि हात होता तेवढा झाला. ते पान कुणाला नीट समजलं असेल, तर ते या बाईला.

मग त्यांनी टॅब तिच्यापुढे सरकवला.

"ठेव."

"मी?"

"ठेव गं. मी रोज ठेवते."

तिने तळवा टेकवला. वाकडं नख तिच्या बोटाखाली आलं. काच गार होती. तिला तो हवा होता, एवढंच, आणि तिने हात उचलला नाही.