घडीसाजाच्या घरचा राउटर

मी एक जुना राउटर आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका. टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेट घरातल्या संगणकापर्यंत पोचवायचं, एवढंच माझं काम. दिसायला मी साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवाव्यात एवढा, पांढरा, आणि पुढे चार हिरवे दिवे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही; खोक्यात बसून प्रवास करणाऱ्याला बाहेरचं काय दिसणार! नागपूरच्या दुकानातून निशातने मला उचललं आणि मांडीवर घेऊन रेल्वेने गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला आणलं. ते २००८ साल होतं.

निशात ही वडशात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबूभाई घडीसाजांची एकुलती एक मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. निशात नर्सिंग शिकली आणि तिला सौदीतल्या जेद्दा शहरात नोकरी लागली. बाबूभाईंना हे मुळीच पटलं नव्हतं. गडचिरोलीत काय लोक आजारी पडत नाहीत का, असं ते महिनाभर म्हणत राहिले. मग एक दिवस ते बोलायचेच थांबले, आणि ते तिला जास्त लागलं. म्हणूनच जाण्याआधी तिने एक जुना संगणक घेतला, त्यावर कॅमेरा बसवला आणि मला घरी आणलं.

तेव्हा मी अगदी कोरा होतो. राउटर आणला, तार जोडली आणि चालू झाला, असं नसतं. त्याला आधी सगळं सांगावं लागतं. निशातने संगणकावर माझं पान उघडलं. लाईनचे दोन आकडे भरले, शून्य आणि पस्तीस. मग टेलिफोन ऑफिसने दिलेलं नाव आणि पासवर्ड भरला आणि सगळं जतन केलं. मी एकदा विझलो, पुन्हा पेटलो, आणि माझा चौथा, इंटरनेटचा दिवा लागला. हे तुमच्यासाठी कागदावर लिहून ठेवते, असं ती म्हणाली. बाबूभाईंनी हात झटकला. चालू असलेल्या वस्तूला ते कधी बोट लावत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तिने ते आकडे आपल्याच डायरीत उतरवून घेतले आणि ती गेली.

दर शुक्रवारी तिला सुट्टी असे. आपल्याकडे पाच वाजले की बाबूभाई दुकान लावून घेत, पांढरा सदरा घालत आणि संगणकासमोर बसत. बोलण्यासारखं फार नसायचंच. आज काय शिजवलं, गुडघा कसा आहे, असलंच काहीबाही. हिवाळा लागला आणि वडशात मुक्काम ठोकून गावोगाव नाटकं करणाऱ्या कंपन्यांचे नट आपापली घड्याळं घेऊन दुकानात यायला लागले. राजाचा मुकुट घालणारा नट घड्याळाच्या पट्ट्यासाठी कशी घासाघीस करतो, ते बाबूभाई रंगवून सांगत. निशात पोट धरून हसायची. ते हसू माझ्यातूनच यायचं, मित्रांनो, आणि मला त्याचा मोठा तोरा होता. बाकी सहा दिवस माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. घरात घड्याळांची टिकटिक आणि मी.

बकरी ईद आठ दिवसांवर आली. बाबूभाईंनी घर साफ करायला काढलं आणि शेवटी माझ्याकडे वळले. घडीसाजाची सवय अशी, की वस्तूला भोक दिसलं की त्यात धूळ असणार आणि ती निघालीच पाहिजे. माझ्या पाठीला एक बारीक भोक आहे; त्याच्या आत एक बटण असतं, आणि ते दाबून धरलं की मी सगळं विसरून पुन्हा कोरा होतो. त्यात बाबूभाईंनी पिन घातली. एखादा घाईचा माणूस असता तर टोचून सोडून दिलं असतं आणि मी वाचलो असतो. पण चाळीस वर्षं बारीक काम केलेले बाबूभाई! त्यांनी डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, पिन चांगली दहा-पंधरा सेकंद दाबून धरली. तेवढ्यात माझं सगळं पुसलं गेलं. नाव, पासवर्ड, आकडे, काही काही उरलं नाही. तीन दिवे लागले, चौथा लागेना.

त्या शुक्रवारी पडदा काळाच राहिला. निशातने मोबाईलवर फोन केला तेव्हा बाबूभाईंनी सांगितलं की लाईन खराब झाली आहे. पुढच्या आठवड्यात ईद आली आणि गेली. त्या दिवशीही त्यांनी हेच सांगितलं. मग त्यांनी मुखरू लाईनमनला बोलावून आणलं. मुखरूने खांबापासून तार तपासली आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"भाऊ, लाईन तं मस्त आहे. हा तिसरा दिवा पाहा, पक्का जळून राह्यला. मशीनच सगळं भुलली. जिनं सेटिंग भरली तिलेच विचारा."

विचारायचं म्हणजे चूक कबूल करायची. गावभरची घड्याळं उघडणाऱ्या माणसाने पोरीची एक डबी बिघडवली, हे कोणत्या तोंडाने सांगावं! बाबूभाईंनी मुखरूला चहा पाजला आणि विषय बदलला. मला फार वाईट वाटलं. मी समोर होतो, जागा होतो, आणि या बापलेकीच्या काहीच उपयोगाचा नव्हतो.

तिसऱ्या शुक्रवारी पाच वाजता ते तरीही सदरा घालून काळ्या पडद्यासमोर बसले. नाटकाची जाहिरात करणारी जीप रस्त्यावरून ओरडत गेली. मग मोबाईल वाजला. खोली इतकी शांत होती की निशातचा शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"अब्बा, मुखरूभाऊले मी फोन केला होता. लाईन चांगली आहे म्हणे. तुम्ही माह्यं तोंड पाहू नाई राह्यले. मी इकडं आली म्हणून अजून नाराज आहा ना? तसं असंन तर सांगून टाका. मी वाट पाहणं बंद करतो."

बाबूभाईंनी माझ्या विझलेल्या चौथ्या दिव्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पिन घातली बेटा मी. साफ करायले गेलो अन् सगळं पुसलं. तुले सांगाची लाज वाटली."

पलीकडून रडल्यासारखा आवाज आला, की हसल्यासारखा, ते मला नीट कळलं नाही. मग निशातने डायरी उघडली. ती एकेक अक्षर सांगायची, बाबूभाई ते मोठ्याने म्हणायचे, भिंगातून कीबोर्डवर शोधायचे आणि एका बोटाने दाबायचे. पासवर्ड दोनदा चुकला. लहान अक्षर कोणतं आणि मोठं कोणतं यावर दोघांची थोडी चकमकही झाली. तासाभराने मी विझलो, पेटलो, आणि चौथा दिवा लागला. पडद्यावर निशात दिसली. डोळे सुजलेले. दोघंही एकमेकांना पाहत राहिली, आणि इतका आनंद मला आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही.

वर्षभराने निशात परत आली. गडचिरोलीला नोकरी, एसटीने रोजची ये-जा. नोकरीवर रुजू होण्याआधीच्या शुक्रवारी पाच वाजले तेव्हा ती स्वयंपाकघरात सेवया करत होती आणि बाबूभाई दाराशी उभे राहून तिला नटांच्या गोष्टी सांगत होते. संगणकासमोर कोणी बसलं नाही. पुढे कधीतरी माझी तार काढली गेली आणि मी बंद घड्याळांच्या खणात जाऊन पडलो. इथे अंधार आहे. करमत नाही, पण तक्रार तरी कुणाची करू? ज्यांना मी जोडत होतो, ती माणसं एका घरात आली.

तरी मित्रांनो, एक मागणं आहे. माझी धूळ पुसा किंवा पुसू नका. पण तुमच्या हातून काही बिघडलं, आणि दूर कोणी वाट बघत बसलं असेल, तर त्याला त्याच दिवशी सांगा. त्या दोघांचे दोन शुक्रवार गेले, आणि मधली ईदही गेली. निशातच्या डायरीतून माझे सगळे आकडे परत भरता आले, ते दिवस नाही आले.