वाटीतला दात

दोन महिन्यांपूर्वी दाताच्या दवाखान्याचं पत्र आलं होतं : 'आमच्या सेवेबद्दल आपलं मत कळवा.' आपलंच काही चुकलं असेल, असं वाटून मी उत्तर दिलं नाही.

त्याच्या आठवडाभर आधी नात सायकलवरून पडली आणि तिचा पुढचा पक्का दात मुळासकट निघाला. असा दात तासाभरात परत बसवावा लागतो, हे मी वाचलं होतं. तो न घासता दुधाच्या वाटीत ठेवून मी वीस मिनिटांत दवाखाना गाठला.

"आजोबा, आधी फॉर्म भरा. नंबर आला की हाक मारते," काउंटरवरची बाई म्हणाली.

"अहो, पण दात..."

"इथे सगळे दातासाठीच येतात."

मी वाटी धरून बसलो. नात तोंडावरचा रुमाल काढून म्हणाली, "आजोबा, ओरडा ना!" मला जमलं नाही. दीड तासाने डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात."

काल फोटो काढताना नात ओठ घट्ट मिटून उभी राहिली आणि माझं डोकं फिरलं. मी दवाखान्याच्या पत्राला उत्तर लिहिलं : 'उशीर तुम्ही केलात. निखळलेला दात घेऊन आलेल्या मुलीला तुम्ही रांगेत बसवलंत. मी ओरडलो नाही, हा माझा गुन्हा मला कबूल आहे. तुमचा तुम्ही कबूल करा.'

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं. म्हणून तसंच पाकीट चिकटवलं आणि टपालपेटीत टाकलं.