माझ्यातून गेलेले दोन शब्द

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. कुरुंदवाडच्या एका शाळेत माझे आयुष्य गेले. नवा होतो तेव्हा झेंडावंदनाला मला पुसून हळूच स्टँडवर बसवत. पाहुणे टिचकी मारून “हॅलो, हॅलो” म्हणत आणि मी खणखणीत वाजे. आता वायरला चिकटपट्ट्या आहेत आणि बरेच दिवस कपाटातच जातात.

यंदा वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता ‘भाषा कशी घडली’. सातवीतली मुस्कान माझ्यासमोर उभी राहिली. तिची दादी हुसेनबी शाळेसमोरच्या गल्लीतले बांगड्यांचे दुकान बंद करून मुद्दाम ऐकायला आली होती. संस्कृतातला ‘हस्त’ प्राकृतात ‘हत्थ’ झाला आणि लोकांच्या तोंडी झिजत ‘हात’ झाला, हे मुस्कानने छान सांगितले. मग भरात येऊन ती म्हणाली, “भाषा न्हाय तर माणूस न्हाय!”

मुले खो खो हसली. परीक्षकही हसत म्हणाले, “घरी कोण असं बोलतं गं?”

मुस्कानने शेवटच्या रांगेतल्या दादीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

“कोणी नाही.”

ती पुटपुटली होती. पण पुटपुटणे मोठे करणे हेच माझे काम. हुसेनबीने पदर सारखा केला आणि ती उठून निघून गेली. मित्रांनो, त्या क्षणी माझी वायर कुणी उपटली असती तर बरे झाले असते.

मुस्कानला दुसरे बक्षीस मिळाले. चार दिवसांनी ती ते परत घेऊन आली. मी तिच्या वर्गशिक्षिका वर्षाराणी बाईंच्या टेबलावरच होतो.

“बाई, हे नको मला. दादी आता माझ्याशी ‘आहे’, ‘नाही’ करून बोलती. अडखळती. मग गप बसती.”

“मीही हसले होते त्या दिवशी,” बाई एवढेच म्हणाल्या.

शनिवारी प्रार्थनेनंतर मुस्कानने मला हातात घेतले. “बाई, कर्ण्याचं तोंड गल्लीकडं करा,” ती म्हणाली. बाईंनी केले.

“दादी, मी खोटं बोललो. आपल्या घरात तू असं बोलतीस. मीबी असंच बोलतो. ‘हस्त’ झिजून ‘हात’ झाला, त्याला कोण हसत न्हाय. मग आपल्या ‘न्हाय’ला का हसायचं?”

हसलेली मुले आता पायांकडे बघत होती. इतक्यात फाटकातून हुसेनबीचा आवाज आला, “आगं, ऐकू यायलंय की! सगळी गल्ली गोळा झाली. किती वरडतीस!”

मुस्कान मला छातीशी धरून रडली. दादीकडे बघायचे धाडस मात्र तिला झाले नाही.

परवा ती बाईंना सांगत होती, की दादी आता पुन्हा पहिल्यासारखी बोलते. पण मधूनच एखादा ‘आहे’ जपून उच्चारते आणि मुस्कानच्या तोंडाकडे बघते.

मित्रांनो, माझी वायर तुटली तर जोडता येते; तुटलेले बोलणे तसे जोडता येत नाही. कुणाच्या बोलण्याला हसण्याआधी थोडे थांबा. तो माणूस स्वतःच्या घरात अडखळू लागेल, असे काही करू नका.