मंगळवारच्या सुपाएवढी मोटर

“पाय आखूड हवा की लांब?” दुकानातल्या तिमूरने विचारलं.

रईसा पेत्रोव्नाने जरा विचार केला. “गेर्मानचा उजवा ठीक आहे. डावा आखूड झालाय, ऑपरेशननंतर.”

तिमूरने काउंटरवर दोन्ही हात टेकले. “राया काकू, मी मोटरचं विचारतोय. पाण्यात बुडतो ना तो खालचा भाग, त्याला आम्ही पाय म्हणतो. रबरी होडीला आखूड लागतो.”

“मग तसं बोल की. आखूड दे.”

रईसा बालवाडीत स्वयंपाकीण होती. किनेश्मा गावातलं निम्मं तरुण रक्त तिच्या सुपावर वाढलं होतं. त्यात हा तिमूरही होता. रव्याची लापशी खिशात भरून गुपचूप बाहेर नेऊन ओतणारा. दुकानात शिरताच, दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर, तिने त्याला या गोष्टीची आठवण करून दिली होती. तेव्हापासून तो अत्यंत नम्रपणे वागत होता.

तिचा नवरा गेर्मान मार्चमध्ये कमरेचा नवा सांधा बसवून घरी आला. जड उचलायचं नाही, कशाला हिसका द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याची जुनी मोटर उचलायला जड आणि हिसका दिल्याशिवाय न हलणारी, म्हणजे डॉक्टरांनी जणू तिच्याकडे बघूनच सांगितलं होतं. होडीचा प्रश्न नव्हता, ती नदीकाठी त्याच्या मित्राच्या, ल्योन्याच्या शेडमध्ये पडून असायची. पण काठावर ठेवलेल्या मोटरी रातोरात पोहायला शिकत आणि खालच्या गावात दुसऱ्याच्याच होडीला लागलेल्या सापडत. त्यामुळे मोटर दर वेळी तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायची आणि पुन्हा वर आणायची. गेर्मानने एक दिवस जाहीर करून टाकलं, “शनिवारी होडी ल्योन्याला देऊन टाकतो.”

आणि तो स्वयंपाकघरात येऊन बसला. स्टुलावर, खिडकीकडे पाठ करून.

“कोबी जाड चिरतेस, राया.”

“गाजर आधी घालतात का कुठे?”

साठ मुलांचा स्वयंपाक उरकून आलेल्या बाईला हे रोज ऐकावं लागे. होडी गेली की हा माणूस त्या स्टुलावरून उठत नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण कोबीपेक्षा तिला त्याच्या पाठीचं वाईट वाटे. त्या खिडकीतून व्होल्गा दिसायची.

“ही बघा, फोर-स्ट्रोक,” तिमूर म्हणाला. “आवाज कमी, पेट्रोल कमी.”

रईसाने मोटरला मिठी मारली आणि उचलायला गेली. “हे गुरुवारचं वाटाण्याचं सूप. याचं पातेलं उचलायला आम्ही दोघी लागतो.”

“मग ही मोठी तर...”

“तिच्यात पातेल्याबरोबर मुलंही आहेत. ती कोपऱ्यातली?”

“ती सगळ्यात हलकी. पण व्होल्गेच्या प्रवाहाविरुद्ध ती लावलीत तर नुसतं घराकडे बघत बसाल.”

शेवटी पाच अश्वशक्तीची टू-स्ट्रोक निघाली. ती उचलून रईसा दुकानाच्या पायऱ्या चढली-उतरली, चढली-उतरली. बाहेर बसची वाट बघणारे लोक बस सोडून तिलाच बघत राहिले.

“मंगळवारचं बिटाचं सूप, बोर्श,” ती धापा टाकत म्हणाली. “हे मी एकटी नेते. बांध.”

शनिवारी सकाळी गेर्मानने मोटर पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. मग लगेच विझला.

“तू उचलणार? आणि मी काठी टेकत मागून? खाली बाकावर बसणाऱ्या सगळ्यांसमोर?”

रईसाने बाल्कनीतल्या अडगळीतून बाबागाडी ओढून काढली. त्यांची मुलगी त्या गाडीत वाढली होती आणि आता पेर्म शहरात संसार करत होती. रईसाने आधी गाडी खाली नेली, मग मोटर. मोटर गाडीत निजवली आणि दुलई पंख्यापर्यंत नीट ओढली. गेर्मान बराच वेळ वरच्या दारात उभा होता. मग जिन्यावर काठीचा आवाज आला.

बाकावर शेजारीण क्लावदिया सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. तिच्या नजरेतून आजवर काही सुटलं नव्हतं.

“अगोबाई! कुणाचं?”

गेर्मानने काठी गाडीला अडकवली, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि दुलई सारखी केली.

“आमचंच.”

“या वयात?”

“टू-स्ट्रोक आहे. फक्त पेट्रोल पितं.”

क्लावदियाने वाकून पाहिलं. “नाक तुझ्यावरच गेलंय.”

मार्चनंतरचा हा गेर्मानचा पहिला विनोद. रईसाने मान वळवून डोळे पुसले आणि धुळीला दोष दिला.

काठावर ल्योन्याने होडी धुऊन, पुसून, आपलीच असल्यासारखी पाण्यात सोडली होती.

“पाचची? अरे, हा मिक्सर आहे, मिक्सर! व्होल्गेची काय साय घुसळायचीये?”

“मिक्सर असेल तर बरंच झालं,” रईसा म्हणाली. “मिक्सर मला येतो चालवता.”

तिने मोटर होडीच्या मागच्या फळीला लावली, स्क्रू आवळले आणि आयुष्यात पहिल्यांदा होडीत पाय ठेवला. दोरी ओढली. मोटर खोकली. पुन्हा ओढली. या वेळी खोकलीसुद्धा नाही.

ल्योन्याने सावकाश सिगारेट पेटवली. “आपलं ठरलेलं मोडलेलं नाही हं, गेर्मान. मी आत्ताही नेतो.”

गेर्मान पुढच्या फळीवर बसला होता. तो वळला, वाकला आणि टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू दोन बोटांनी सैल केला.

“आत हवा शिरायला हवी, राया. नाहीतर पेट्रोल उतरत नाही. आता ओढ.”

तिने ओढली. सबंध काठ दणाणला. पाण्यातली बदकं उडाली आणि ल्योन्याची सिगारेट पाण्यात पडली. मार्चपासून रोखून धरलेला श्वास रईसाने सोडला.

मग दोघांनी जागा बदलल्या. तेव्हा होडी ज्या प्रकारे डुलली, ते पाहून ल्योन्याने टोपी काढली. पण होडी सावरली. गेर्मानने सुकाणू हातात घेतलं आणि प्रवाहाविरुद्ध निघाला.

पलीकडच्या काठाशी मोटर थांबवून त्याने गळ टाकला. रईसाने पाव काढला, सॉसेज कापलं. चांगलं जाड. गेर्मानने त्या तुकड्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे वळला आणि मुकाट्याने खाल्लं.

संध्याकाळी परतताना तो बाबागाडी घेऊन पुढे निघाला. दांड्याचा आधार होता, त्यामुळे पायातला फरक कळत नव्हता. काठी होडीच्या तळाशीच राहिली होती. रईसाने ती गळाच्या काठ्यांमध्ये सरकवून दोरीने बांधली, जुडगा खांद्यावर टाकला आणि मागून चालू लागली.

क्लावदिया अजून बाकावरच होती.

“झोपलं का?”

गेर्मानने ओठांवर बोट ठेवलं आणि ताठ मानेने पुढे गेला.