सतरा नंबरचा स्लॉट

जनरेटरच्या पोटात शिरलेल्या माणसाशी बाहेरून कुणी बोलू नये, एवढा साधा शिष्टाचार आहे. कागद कारखान्याच्या स्टोअरकीपरला तो कुणी शिकवला नव्हता.

"बाई, माझं स्टूल कुठाय?" पलीकडच्या तोंडातून डोकं आत घालून त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"मिळेल हो. दोन मिनिटं गप्प बसा. आकडा हलतोय."

आकडा मुळीच हलत नव्हता, आणि सगळी पंचाईत तीच होती. टेस्टरबाई गुडघ्यांवर रांगत होती. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर बॅटरी, कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत. हातातली धनुकलीसारखी वाकडी कॉइल सतरा नंबरच्या स्लॉटवर आली, की मागच्या तोंडाशी ठेवलेल्या मीटरवर आकडा यायचा दोनशे साठ. शंभरापर्यंत चालतं. तीन आठवड्यांपूर्वीही दोनशे साठच आले होते. मध्ये दुरुस्ती झाली होती आणि ती तिच्या सख्ख्या बापाने केली होती. मीटर ज्यावर ठेवलं होतं ते अर्थातच स्टोअरकीपरचं स्टूल होतं, पण काम संपेपर्यंत ती तसं कबूल करणार नव्हती.

ज्याला हे काम ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगायचं, तर जनरेटरचा फिरणारा रोटर बाहेर काढला, की उरलेलं न फिरणारं अंग म्हणजे आडवी पाडलेली लोखंडी विहीर. तिला दोन तोंडं, एक पुढे टर्बाइनकडे, एक मागे. विहिरीचं लोखंड अखंड नसतं. हजारो पातळ पत्रे, मधूनमधून हवा खेळायला फटी ठेवून, एकाला एक लावून रचलेले असतात आणि प्रत्येक पत्र्यावर वार्निशचा हात दिलेला असतो, म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला शिवू नये. कुठे वार्निश गेलं आणि दोन पत्रे भिडले, की वीज तिथल्या तिथे घिरट्या घालायला लागते, लोखंड तापतं, वितळतं आणि एक दिवस सगळं मशीन बसतं. आतल्या अंगाला लांबीभर चोपन्न खाचा असतात. त्यांना स्लॉट म्हणायचं. दोष हुडकायचा तो एकेका स्लॉटवरून, बोटबोटभर पुढे सरकत. हुडकणारी ती. आणि हुडकलेला दोष भिंगातून बघून, पात्याने पत्रे वेगळे करून, त्यांत अभ्रकाचे पापुद्रे सरकवून बरा करणारे तिचे बाबा. चाळीस वर्षं ते हेच करत आले होते. कारखान्यात सगळे त्यांना भिंगकाका म्हणत.

या खेपेला पॉवरहाउसच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं. "काकांचं वय झालंय. तुमच्या शब्दाखातर काम देतोय. पुन्हा आकडा आला तर मी बाहेरची टोळी बोलावणार, आणि मग काकांनी इथे यायचे कष्ट घेऊ नयेत." म्हणजे बाबांचं उरलंसुरलं काम या एका आकड्यावर लटकलं होतं, आणि आकडा होता ढिम्म.

ती कुणाकुणावर चिडली नव्हती ते विचारा. पहिल्या टेस्टच्या दिवशी तिने दोषाच्या जागी खडूने ठसठशीत फुली मारली होती. सफाईवाल्याने ती पुसून टाकली, का तर म्हणे घाण दिसत होती. दुरुस्तीनंतर पेंटरने सगळ्या विहिरीला आतून लाल वार्निशचा असा दणकून हात मारला, की कुठे काय केलंय याचा मागमूस उरला नाही. सगळ्यांनी आपापलं काम मन लावून केलं होतं आणि त्या मन लावण्यानेच तिचं डोकं उठलं होतं.

पण खरी चीड बाबांवर होती. दुरुस्तीच्या दिवशी त्यांचा फोन आला होता. "अगं, सतरामध्ये मला काही दिसत नाहीये." ती तेव्हा दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या मशीनच्या पोटात होती. "बाबा, भिंग नीट लावा. तिथेच आहे," म्हणून तिने फोन ठेवला. दिसत नाहीये म्हणे! दिसणार कसं? सुईत दोरा चौथ्या खेपेला जायचा. शेजारच्या बाईंना त्यांची सासू समजून त्यांनी जिन्यात गुडघेदुखीची चौकशी केली होती, त्या बाईंनी अजून अबोला सोडला नव्हता. आणि गेल्या काही दिवसांत तर घरचा जिनासुद्धा पाय चाचपडत उतरणं चाललं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

तिने चौथ्यांदा कॉइल फिरवली. दोनशे साठ. ती बाहेर आली, हात पुसले आणि साहेबांच्या केबिनकडे निघाली.

बाबा तिथे आधीच येऊन बसले होते, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"दोनशे साठ."

"म्हणजे जैसे थे."

"असं कसं होईल?" बाबा म्हणाले. "पहिल्या हवेच्या फटीपासून चार बोटं आत, तीन पापुद्रे सरकवलेत मी. तुझं मीटर बघितलंस का?"

"मीटर ठीक आहे."

"अगं पण एकदा..."

"बाबा, मीटर ठीक आहे! चारदा बघितलंय."

"मग चूक कुणाची?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांना कागदावर लिहायला एक नाव हवं होतं, कुणाचंही चाललं असतं.

इथे तिचा तोल गेला. सकाळपासूनचा घाम, खडू, पेंटर, स्टूल, सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं आणि नेमकं चुकीच्या माणसावर. "यांना आता दिसत नाही, साहेब. मीच शब्द टाकायला नको होता. फोनवर स्वतःच म्हणाले, काही दिसत नाहीये म्हणून. तरी करून मोकळे झाले. कुठे केलं ते देव जाणे. यापुढे यांना काम देऊ नका."

यांना, यांना. बाप समोर बसलेला असताना तिने खुर्चीबद्दल बोलावं तसं ते वाक्य बोलून टाकलं.

बाबांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. हा माणूस भाजीच्या मिठावरून तासभर भांडू शकायचा. आज मात्र त्यांनी पिशवीत हात घातला, पितळी कड्याचं भिंग काढलं आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"हे तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "मी बस बघतो."

ते गेले. साहेबांनी बाहेरच्या टोळीला फोन लावला. तिने भिंग खिशात टाकलं आणि केबल गुंडाळायला परत मशीनकडे आली. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात शिव्या, फक्त त्या कुणाला द्यायच्या ते ठरत नव्हतं.

मशीनच्या मागच्या तोंडाशी स्टोअरकीपर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"हे काय!" तो ओरडला. "हे इथे! तीन आठवडे मी पुढच्या बाजूला शोधतोय!"

"मी नेलं होतं. सांगायचं राहिलं. चुकलं माझं."

"अहो, पण मागे कुणी नेतं का? आजवर जो आला तो पुढून शिरला. पुढून शिरायचं, पुढूनच मोजायचं. तुमचे वडील बघा, माझं दुसरं स्टूल घेऊन पुढेच बसले होते. काम झाल्यावर पुसून परत आणून दिलं!"

"पहिल्या टेस्टला पुढे रोटर आडवा पडला होता हो. शिरायला जागाच नव्हती, म्हणून मी मागून..."

तिने हातातली केबल खाली टाकली.

तिने वर बघितलं. एक नंबरच्या स्लॉटवर पोलादी पंच ठोकून उमटवलेली खूण होती, बरोबर डोक्यावर, दोन्ही तोंडांशी. तिथून उजवीकडे मोजत जायचं. पुढून उभं राहून उजवीकडे सतरा मोजले, तर विहिरीची एक भिंत. मागून उभं राहून उजवीकडे सतरा मोजले, तर समोरची दुसरी. आरपार काचेच्या घड्याळामागे उभं राहिलं की तीनच्या जागी नऊ येतात, तसंच. म्हणून तर धंद्याचा नियम आहे, टर्बाइनच्या बाजूने मोजायचं आणि दुसरीकडून मोजलं तर तसं लिहायचं. तिने रिपोर्टात लिहिलं होतं, स्लॉट १७. पुढे पूर्णविराम. आणि आज स्टूल मागे होतं म्हणून मीटर मागे, मीटर मागे म्हणून ती मागे. आपलीच चूक तिने दुसऱ्यांदा, तितक्याच काळजीने मोजली होती.

"बाई, स्टूल नेऊ ना?"

"हात लावू नका त्याला! तिथेच राहू दे. साहेबांना दाखवायचंय."

ती धावत पुढच्या तोंडाशी गेली, आत शिरली, मोजायला लागली. सतरा. पहिली हवेची फट. चार बोटं आत. नखाने लाल वार्निश खरवडलं. खाली नुसतं लोखंड दिसत होतं. बॅटरी जवळ नेली, डोळे पुसले, तरी नुसतं लोखंड. मग तिला खिशातलं भिंग आठवलं.

भिंगातून तीन रेषा दिसल्या. केसाहून बारीक, एकसारख्या अंतरावर, कडा पत्र्याच्या पातळीत तासलेल्या, कुठे खरचटलेलं नाही की पत्रा वाकलेला नाही. तिच्या चष्मा न लागलेल्या, ठणठणीत डोळ्यांना जे दिसत नव्हतं, ते सत्तरीच्या माणसाने हाताने केलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातली गत. फरक एवढाच, की चोराची जागा तिने सांगितली होती आणि फाशीची शिक्षाही तिनेच सुनावली होती.

फाटकाबाहेरच्या थांब्यावर बाबा बाकावर बसले होते. ती धापा टाकत दोन पायऱ्या चढून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, मी मागून मोजलं होतं."

त्यांनी चोपन्न खाचांचा मनाशी उलटा हिशेब केला. "म्हणजे एकोणचाळीस," ते म्हणाले.

"हो."

"तरी मी फोनवर म्हटलं होतं, सतरामध्ये काही दिसत नाही. नव्हतंच तिथे काही. कोरं करकरीत लोखंड."

"मग केलंत कशाला?" ती अजूनही ओरडतच होती, सवयच लागली होती सकाळपासून. "चांगल्या लोखंडात पातं घातलंत कशाला? पुन्हा फोन का नाही केलात?"

आता मात्र बाबा भडकले. "कशाला म्हणजे? तू लिहिलं होतंस म्हणून! तू म्हणालीस तिथेच आहे, मग असणारच. मला वाटलं, पोरीला दिसतंय आणि मला दिसत नाही, म्हणजे माझेच डोळे गेले. त्या दिवसापासून जिना उतरताना माझा मला भरवसा वाटत नाही."

ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने दोघांकडे बघितलं आणि वैतागून दार लावून निघून गेला.

"चला," ती शेवटी म्हणाली. "साहेबांना सांगते. मी त्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोरच सांगते."

"तोंडी नको. आधी लिही."

तिने पिशवीतून रिपोर्टचा कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. स्लॉट १७, मागच्या टोकाकडून मोजलेला. पुढून मोजल्यास ३९. दुरुस्ती निर्दोष. चूक माझ्या रिपोर्टमध्ये. खाली सही केली. मग भिंग आणि कागद दोन्ही त्यांच्यापुढे धरलं.

बाबांनी भिंग खिशात टाकलं. कागद हातभर लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचला.

"तारीख राहिलीय," ते म्हणाले.

तिने तारीख घातली. ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि थांब्याच्या दोन्ही पायऱ्या खाली न बघता उतरले. "येतेस ना?" ते वळून म्हणाले. "एकोणचाळीसला बॅटरी कोण धरणार?"